मिसळणाचा डबा आणि मिठाची बरणी



मसाल्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मसाला म्हणजे जिभेचे चोचले. त्याने पित्त उसळते, छातीत जळजळते, साधा वरणभात खावा आणि सुखी राहावे. दुसरा म्हणतो, आमच्या मसाल्यात सगळे वैद्यक भरलेले आहे. हळद आहे, सुंठ आहे, लवंग आहे, मग डॉक्टर हवा कशाला? मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे; तेव्हा या भांडणात मी पडत नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच : ज्या डब्यात रोज दोन वेळा तुमच्या घरचा चमचा बुडतो, त्या डब्यात काय काय आहे आणि त्यात मीठ किती आहे, हे तुम्हांला सांगता येईल का?

मिठावर मी जोर देतो, त्याला कारण आहे. रक्तदाबाचा विकार हा पूर्वी शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा समजला जाई. आता तो गावोगावच्या आरोग्य केंद्रात रोज दिसतो. हा विकार मोठा लबाड. तो दुखत नाही, खुपत नाही. पन्नाशीचा धडधाकट माणूस सकाळी बैल सोडतो, आणि संध्याकाळी त्याचा अर्धा अंग लुळा पडलेला असतो; मग घरचे म्हणतात, 'अहो, काल तर बरे होते!' काल बरे नव्हते. फक्त कळले नव्हते. मिठातले सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर दाब पडतो. वर्षानुवर्षे हे चालले की मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांना त्याची किंमत द्यावी लागते. मीठ हेच एकमेव कारण नव्हे. वय, वजन, तंबाखू, दारू, आनुवंशिकता ही सगळी त्यात आहेत. पण यांतली जी गोष्ट स्वयंपाकघरात बसून बदलता येते, ती मीठ.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे लहान चहाचा चमचा सपाट भरून, आणि तो सगळे धरून : भाजीतले, आमटीतले, भाकरीतले, लोणच्यातले. याच संघटनेने २०२३ साली जगाची सरासरी काढली ती १०.८ ग्रॅम, म्हणजे दुपटीहून जास्त. तुमच्या घरचा आकडा काय, हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाचा एक किलोचा पुडा फोडाल तेव्हा त्या दिवसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. घरात पाच मोठी माणसे असतील तर रोजचे झाले २५ ग्रॅम. या हिशेबाने पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. वीस दिवसांत संपला तर माणशी १० ग्रॅम पोटात जाते आहे. त्यातून गुरांना घातलेले आणि लोणच्या-पापडाला लागलेले मीठ वेगळे काढा. मात्र लोणचे-पापड घरातच खाल्ले जाणार असतील तर तेवढ्यापुरते ते पुन्हा मिळवायला विसरू नका. शिक्षक मंडळींनी हे गणित सहावी-सातवीच्या मुलांना घरून करून आणायला सांगावे. पुस्तकातल्या नळाच्या आणि हौदाच्या गणितापेक्षा मुले हे जास्त मन लावून करतील, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, 'मास्तर, आम्ही उन्हात घाम गाळतो, आम्हांला मीठ जास्तच लागणार.' हे म्हणणे अगदी खोटे नाही, पण वाटते तेवढे खरेही नाही. उन्हात काम करायची सवय झालेले शरीर घामातून मीठ कमी सोडते, आणि आपल्या रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांची ती तूट भरून काढून वर उरते. उन्हात कामाला जाणाऱ्याला आधी पाणी पुरेसे मिळते की नाही, हे पाहावे.

आता मीठ कमी करा म्हणणे सोपे, पण अळणी जेवण कोण जेवणार? ताट पुढे सरकवून उठून जातील. मसाल्याचे खरे काम येथे सुरू होते. जिभेला मीठ हवे असते ते चव लागावी म्हणून. आणि चव म्हणून आपण जे ओळखतो त्यात मोठा वाटा नाकाचा असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते यामुळेच. पदार्थाला वास भरपूर असेल आणि थोडा आंबटपणा असेल, तर कमी मीठ खपून जाते. लिंबू, आमसूल, चिंच, ताक यांनी मिठाचे अर्धे काम हलके होते. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कढीत तिरफळ ठेचून घालतात, सोबत आमसूल. तेथे मीठ थोडे कमी पडले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण मसाला वास देईल तरच हे साधते. सहा महिन्यांचा शिळा, नुसता रंग राहिलेला मसाला असेल तर बाई तो दोन चमचे जास्त घालते, तरी चव येत नाही, आणि शेवटी हात मिठाच्या बरणीकडेच जातो.

मग वास जातो कोठे? धण्यात, जिऱ्यात, लवंगेत, दालचिनीत जो सुवास आहे तो त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा. लवंगेचा वास युजेनॉल नावाच्या द्रव्याचा, धण्याचा मुख्यतः लिनालूलचा. नावे लक्षात नाही राहिली तरी चालेल. अख्खा धणा म्हणजे त्या तेलाची बंद कुपी. तो कुटला की कुपी फुटली, आणि तेल हवेला लागून उडायला लागले. शिवाय भुकटी जितकी बारीक तितका तिचा हवेशी संबंध जास्त. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो आणि भुसा भुर्रकन पेटतो, तसेच हे. म्हणून जिन्नस अख्खे आणून ठेवावे आणि महिना-दीड महिना पुरेल इतकाच मसाला कुटावा. वर्षाचा मसाला एकदम करण्याची रीत मे महिन्याच्या उन्हासाठी आणि एकत्र कुटुंबाच्या मनुष्यबळासाठी योग्य होती. उन्हात वाळवणे मेमध्येच करा. पण वाळवलेले अख्खे ठेवा, कुटायचे लागेल तसे. घरचा खलबत्ता किंवा लहान मिक्सर तेवढ्याला पुरतो. गावात बचत गटाच्या बायकांनी मिरची कांडप चालू केले असेल तर उत्तमच. कांडपात जिन्नस कुटला जातो, घासून दळला जात नाही, त्यामुळे तो तापतो कमी. फक्त तुमच्या आधी कोणाचा मिठाचा मसाला त्यात कांडला असेल तर उखळ पुसून घ्यायला सांगा.

गोडा मसाला घ्या. नावात गोड असले तरी त्यात साखर-गूळ नसतो. तिखटजाळ नाही म्हणून तो गोडा. लहान कुटुंबाला पाव किलो धणे, १०० ग्रॅम सुके खोबरे, ५० ग्रॅम तीळ, ५० ग्रॅम जिरे, आणि मग दगडफूल, दालचिनी, लवंग, मिरी, तमालपत्र, शहाजिरे, नागकेशर हे सगळे थोडे थोडे, प्रत्येकी ५ ते १० ग्रॅम. वर खड्याचा हिंग आणि हळकुंडाचा तुकडा. (दगडफूल हे फूल नव्हे बरे का, आणि दगड तर नव्हेच, बुरशी आणि शेवाळ यांच्या भागीदारीतून झाडावर-खडकावर वाढणारी ती दगडफूलवर्गीय वनस्पतीसारखी वस्तू आहे. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गात दाखवायला याहून स्वस्त नमुना नाही.) प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा, कारण तीळ तडतडून काळे होतात तोवर धणे अजून कच्चेच असतात. आच मंद ठेवावी. तेल लागलेच तर एखादा चमचा. पुष्कळ घरांत पळीपळीने तेल ओतून मसाला तळला जातो, त्याची गरज नाही. भाजलेले सारे ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. कोमट असताना कुटले की वाफ धरते, आणि डब्यात आठ दिवसांत गाठी होतात. खोबरे आणि तीळ तेलकट असल्याने हा मसाला आधी खवट होतो. खोबरे वेगळे भाजून ठेवले आणि भाजीच्या वेळी चुरून घातले तर उरलेला मसाला जास्त दिवस टिकतो.

आणि या सगळ्यात मीठ घालायचे नाही. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट, मेथ्या, हिंग शेजारी शेजारी नांदतात, पण मीठ बहुतेक घरांत वेगळ्या बरणीतच असते. मीठ ओल ओढते, हे कारण. मला त्यात दुसराही फायदा दिसतो : मीठ एकाच दाराने जेवणात शिरते, आणि त्या दारावर लक्ष ठेवता येते.

येथे कोल्हापूर, सातारा, सांगलीकडची मंडळी मला अडवतील. त्यांच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ हवेच. सून मसाला भरायला बसली की सासूबाई आधी विचारतात, 'अगं, मीठ घातलंस ना? नाहीतर बुरा येईल.' सासूबाई बरोबर बोलतात. कांद्या-लसणात पाणी असते आणि मीठ त्या मसाल्याला टिकवते. पण हिशेब पाहा. समजा, दोन किलो मसाल्यात पाव किलो मीठ पडले. म्हणजे आठ भागांत एक भाग मीठ. चौघांच्या रश्श्यात ४० ग्रॅम मसाला घातला की त्याबरोबर ५ ग्रॅम मीठ न मोजता आत गेले; एका माणसाच्या दिवसभराइतके. त्यावर बाई सवयीने पुन्हा मूठ सोडते. याला दोन वाटा आहेत. पहिली, मिरची, धणे, खोबरे आणि गरम मसाला यांचा कोरडा मसाला बिनमिठाचा करून ठेवावा, आणि कांदा-लसूण रोजच्या रोज ठेचून घालावा. चव उलट ताजी येते. दुसरी, मिठाचा मसाला करायचाच असेल तर घातलेले मीठ मोजून डब्यावर चिठ्ठी लावावी, आणि तो मसाला पडलेल्या कालवणात चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नये. बिनमिठाचा ओला कांदा-लसूण मसाला करून महिनोन्महिने ठेवणे ही तिसरी वाट मात्र धरू नका. तो खात्रीने बिघडेल.

विकतचे मसाले वाईटच असतात असे मी म्हणत नाही. पण पुड्यावरचे बारीक अक्षर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मिठाचे नाव पहिल्या तीन-चारांत आले तर आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेत आहोत, हे उघड आहे. मुलांना आवडणाऱ्या शेवयांच्या पुड्यात जी चिमुकली मसाल्याची पुडी असते, ती तर बऱ्याच अंशी मीठच असते. जाता जाता एक सांगतो, मीठ कमी करायचे ते आयोडीनयुक्तच. खडे मीठ साधे असते म्हणून ते जास्त चांगले, या समजुतीने गलगंडाला पुन्हा घरात बोलावू नये.

आता मिरची. ही आपल्याला इतकी आपली वाटते, पण ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून आली. त्याआधी आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले-सुंठ. मिरचीचा जाळ बियांत असतो असे सगळे सांगतात. तो खरा असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात. ज्यांना रंग हवा आणि जाळ नको, त्यांनी तो गाभा काढून टाकावा किंवा कर्नाटकातली ब्याडगी घ्यावी. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही लक्षात असू द्या.

मिरचीचा खरा धोका तिखटपणात नसून ओलीत आहे. अर्धवट वाळलेली मिरची ढिगात राहिली की तिच्यावर एक बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडात टर्की कोंबड्या हजारोंनी मेल्या, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून हे विष उजेडात आले. आपल्याकडे १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. मिरची आपण मक्यासारखी किलोने खात नाही, हे खरे. पण हे विष यकृतात साठल्यासारखे हळूहळू अपाय करते, यकृताच्या कर्करोगाला कारण होते, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. म्हणून मिरची मातीवर नव्हे, चटईवर किंवा ताडपत्रीवर वाळवा, रात्री दवात राहू देऊ नका, आणि मोडली तर कुरकुरीत आवाज आला पाहिजे. देठाशी काळी-करडी बुरशी दिसली तर ती मिरची 'थोडी पुसून' वापरायची नाही, फेकायची. शेंगदाण्याच्या चटणीलाही हाच नियम. सुरकुतलेला, कडू दाणा बाजूला काढा.

हळदीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे निसर्गाचा नव्हे, माणसाचा हात आहे. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना चकाकी देताना लेड क्रोमेट नावाचा रंग चोळण्याचे प्रकार घडतात. त्यात शिसे असते. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि त्याची निर्धोक अशी मात्राच नाही. पोर हुशार का नाही, अभ्यासात लक्ष का लागत नाही, याचे उत्तर कोणी हळदीच्या डब्यात शोधायला जाणार नाही. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीचे नमुने तपासले तेव्हा ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली. सरकारने आणि संशोधकांनी गावोगाव सूचना लावल्या, व्यापाऱ्यांना बाजारातच तपासणी करून दंड केले, आणि २०२१ मध्ये तीच तपासणी पुन्हा केली तेव्हा भेसळीचा आकडा शून्यावर आला होता. दोन वर्षांत! आपल्याकडे तर सांगलीसारखी हळदीची पेठ आहे, वर्ध्याच्या वायगावची हळद आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची, मळकट दिसणारी हळकुंडे घ्या, धुऊन कडकडीत वाळवा आणि घरी किंवा कांडपावर कुटून आणा. हळकुंड खुडबुडीत आणि मंद रंगाचे असले तर बिचकू नका. लग्नात नवरीला लावायची आणि तान्ह्या बाळाच्या दुधात पडायची ती हीच हळद.

शाळेत करून दाखवण्याजोग्या काही परीक्षा आहेत. पेलाभर पाण्यावर चमचाभर तिखट अलगद सोडा. रंगाच्या रेघोट्या झरझर खाली उतरू लागल्या तर वरून रंग मिसळल्याचा संशय घ्यावा. तळाशी बसलेला साका बोटाने चोळून किरकिरीत लागला तर विटेची भुकटी किंवा वाळू. (अशाच एका रंगामुळे, सुदान रंगामुळे, २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो तयार पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले होते.) मिरीचे दाणे पाण्यात टाका, पपईच्या वाळलेल्या बिया मिसळल्या असतील तर त्या तरंगतील, मिरी बुडेल. हिंगाचा खडा चमच्यात धरून पेटवला तर चांगला हिंग कापरासारखा जळतो. हळदीची चिमूट पाण्यात टाकली आणि ती खाली बसताना पाणी फिकट पिवळे झाले तर ठीक. गडद पिवळे झाले तर शंका. मात्र मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगा : या परीक्षांनी भेसळ पकडली जाते, शुद्धता सिद्ध होत नाही. शिशाचे प्रमाण डोळ्यांना किंवा जिभेला कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो, आणि तक्रार करायची ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कचेरीत.

मसाल्याच्या जोडीला कोरड्या चटण्या आणि मेतकूट यांची आठवण करून देतो, कारण यांत नुसता वास नसून अन्न आहे. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी घ्या. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग हृदयाला हितकर अशा ओमेगा-तीन जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो. ते भराभर खवट होते, म्हणून ही चटणी आठवड्यापुरतीच कुटावी. १०० ग्रॅम बिनसडलेल्या तिळात सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम असते. सगळे अंगी लागत नाही, तरी थोडेथोडके नव्हे. कारळे, कढीलिंबाची वाळवलेली पाने, शेवग्याचा सावलीत वाळवलेला पाला, यांतले जे घरी मिळेल ते वापरावे. मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू हे भाजून धणे, जिरे, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग यांच्याबरोबर दळतात. आजाऱ्याच्या मऊ भातावर दोन चमचे घातले की डाळीतले प्रथिनही पोटात जाते. या चटण्यांतही मीठ नंतरच घालावे, वाढताना, चिमटीने. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी घरचा मसाला आला म्हणून त्या बंद करू नयेत. आणि ज्यांच्या घरी कोणी चाळिशी ओलांडली आहे आणि दाब कधीच मोजलेला नाही, त्यांनी पुढच्या बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्रात तेवढे काम उरकून यावे.